कन्फ्यूशसप्रणीत विचारातील शील व भेद्यता

माणसाचे नैतिक शील सर्वस्वी त्याच्या स्वतःच्या हाती असते, की परिस्थिती, नियती व इतर माणसे यांच्यामुळे त्याचा काही अपराध नसतानाही ते क्षत होऊ शकते, या प्रश्नाचा प्राचीन चीनमधील कन्फ्यूशसपंथीयांनी केलेला विचार. येथे ‘शील’ म्हणजे केवळ सदाचरण नव्हे, तर माणसाच्या निष्ठा, भावना व कृती यांची परस्परांशी असलेली अखंड जुळणी होय. आणि ‘भेद्यता’ म्हणजे बाहेरून आलेल्या आघाताने ती जुळणी भंगण्याची शक्यता. या विचाराचा मुख्य कालखंड कन्फ्यूशसपासून (इ. स. पू. ५५१–४७९) हान वंशाच्या पूर्वार्धापर्यंतचा, म्हणजे इ. स. पू. सहावे ते पहिले शतक असा धरता येईल.

हा काळ चौ राजवंशाच्या अधःपाताचा व त्यानंतरच्या युद्धखोर राज्यांचा होता. लहान राज्ये मोठ्या राज्यांच्या पोटात जात होती, जुनी घराणी नष्ट होत होती आणि सुशिक्षित पुरुषाला आपली विद्या कृतीत आणण्यासाठी कोणातरी राजाच्या पदरी राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. कन्फ्यूशसने ‘च्युन-त्झू’ या शब्दाला नवा अर्थ दिला. मूळचा ‘राजपुत्र’ किंवा ‘कुलीन’ असा त्याचा अर्थ मागे पडून शीलाने थोर असलेला सत्पुरुष असा अर्थ रूढ झाला. कुळ आणि अधिकार जन्माने वा कृपेने मिळतात व तसेच जातात. शील मात्र स्वतः कमवावे लागते, हा या बदलामागील आशय होय. त्यामुळे सत्पुरुषाचे खरे धन कोणी हिरावून घेऊ शकत नाही, हे मत कन्फ्यूशस परंपरेचे सार म्हणून अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. त्याला भरपूर आधारही आहे.

इ. स. पू. ४८९ च्या सुमारास चन व त्साय या राज्यांच्या दरम्यान कन्फ्यूशस आणि त्याचे शिष्य अडकून पडले. अन्न संपले आणि शिष्य इतके क्षीण झाले की त्यांना उठवेना. तेव्हा त्झू-लू या शिष्याने संतापून गुरूला विचारले, की सत्पुरुषावरही अशी पाळी येते काय? येते, असे कन्फ्यूशसने मान्य केले. मात्र अशा प्रसंगी सत्पुरुष आपल्या ठायी स्थिर राहतो व क्षुद्र मनुष्य मर्यादा सोडतो, हा भेद त्याने दाखविला. ‘लुन-यू’ या त्याच्या संवादसंग्रहात ही हकिकत थोडक्यात आहे. पुढच्या ग्रंथकारांनी ती वारंवार विस्तारली. इतिहासकार सू-मा च्येन याच्या वृत्तांतात तर गुरू एकाच प्रश्नावर तीन शिष्यांची उत्तरे घेतो. लोक आपल्यावर विश्वास ठेवीत नाहीत, त्या अर्थी आपल्यातच काही उणे असावे, असे त्झू-लू म्हणतो. आपला आदर्श जगाला पेलेल इतपत खाली आणावा, असे त्झू-कुंग सुचवितो. आणि आपला स्वीकार होत नाही ही लाज राज्यकर्त्यांची आहे, आपली नव्हे, असे येन ह्वे सांगतो. गुरूला हे तिसरे उत्तर आवडते.

मेन्शियसने (सु. ३७२–२८९ इ. स. पू.) हीच भूमिका अधिक तात्त्विक पातळीवर नेली. मानवता, औचित्य, निष्ठा ही स्वर्गाने दिलेली प्रतिष्ठा आणि मंत्रिपदासारखी पदे ही माणसांनी दिलेली प्रतिष्ठा, असे दोन प्रकार त्याने केले. दुसरी देणारा ती परतही घेऊ शकतो. वयाच्या चाळिसाव्या वर्षापासून आपले चित्त विचलित होत नाही, असे तो स्वतःविषयी सांगतो. श्युन-त्झूने (इ. स. पू. तिसरे शतक) या भेदाला सर्वांत रेखीव रूप दिले. अपमान झाला तरी त्यात कमीपणा नाही, हे लोकांना पटले तर भांडणे थांबतील, असे सुंग शिंग या विचारवंताचे मत होते. त्याचे खंडन करताना श्युन-त्झू म्हणतो, की मान आणि अवमान हे दोन्ही द्विविध असतात : औचित्यातून येणारे व परिस्थितीतून येणारे. सत्पुरुषाला मारहाण, बेड्या, विटंबना असा परिस्थितिजन्य अवमान सोसावा लागू शकतो; स्वतःच्या दुष्कृत्यातून येणारा अवमान मात्र त्याला स्पर्श करीत नाही. शारीरिक वा सामाजिक हानी खरी नाही, असे तो म्हणत नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ती वेगळ्या जातीची हानी आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

१९९३ मध्ये हूपे प्रांतातील क्वो-द्येन येथील एका थडग्यात सु. ८०० बांबूच्या पट्ट्या सापडल्या. इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या या संग्रहात यश आणि अपयश ही काळावर अवलंबून असतात, हे प्रतिपादन करणारा एक छोटा कन्फ्यूशसपंथीय निबंध आहे. योग्य राजा भेटला म्हणून शेतकरी सम्राट झाला व बंदिवान मंत्री झाला, अशी उदाहरणे तो देतो आणि स्वर्गाचा वाटा व माणसाचा वाटा निराळे काढतो. माणसाने आपल्या वाट्याचे करावे, बाकीच्याची खंत करू नये, असा त्याचा रोख आहे. चन-त्साय प्रसंगाच्या ग्रंथांतरी आढळणाऱ्या विस्तारित आवृत्त्यांशी या निबंधाचे जवळचे साम्य दिसते. अभेद्यतेचा हा विचार त्या काळी किती प्रसृत होता, ते यावरून कळते.

तथापि ही वचने कोणत्या प्रसंगी उच्चारली गेली, हे पाहिले म्हणजे चित्र बदलते. ती बहुधा उपाशी, पराभूत किंवा पदच्युत माणसांना उद्देशून आहेत. त्यांत सिद्धान्त जेवढा आहे, तेवढेच सांत्वन व निर्धारही आहे. एरवी याच ग्रंथांत कन्फ्यूशस अविचल दिसत नाही. दरिद्री गल्लीत वाटीभर भात आणि तुंबाभर पाणी यांवर आनंदाने राहणारा त्याचा लाडका शिष्य येन ह्वे अकाली वारला, तेव्हा स्वर्गाने आपला नाश केला, असा त्याने आक्रोश केला. शोकाचीही मर्यादा ओलांडली जात आहे, असे शिष्यांनी निदर्शनास आणले, तर या माणसासाठी नाही तर कोणासाठी, असा त्याचाच प्रतिप्रश्न होता. भावनेला विधीची वेस घालणाऱ्या गुरूचे हे उत्तर आहे. चन-त्साय येथे प्रश्न विचारणारा त्झू-लू इ. स. पू. ४८० मध्ये वेइ राज्यातील सत्तासंघर्षात आपल्या धन्याच्या बाजूने लढताना मारला गेला. मरताना त्याने टोपीचे बंद पुन्हा बांधले, कारण सत्पुरुषाने उघड्या डोक्याने मरू नये. त्याचे शील अखेरपर्यंत शाबूत होते, यात शंका नाही. त्याच्या देहाचा खिमा केला गेल्याचे कळताच कन्फ्यूशसने घरातील खारवलेला खिमा टाकून देण्यास सांगितले, असे ‘ली-ची’ या विधिग्रंथात नमूद आहे.

मेन्शियसविषयीही असाच एक उल्लेख आहे. छी राज्याच्या राजाकडून अपेक्षाभंग झाल्यावर इ. स. पू. ३१२ च्या सुमारास तो तेथून निघाला. पण राजा परत बोलावील या आशेने सीमेजवळच्या गावी तीन रात्री थांबला. वाटेत त्याच्या चेहऱ्यावरची उदासी पाहून एका शिष्याने हटकले : सत्पुरुष स्वर्गाला दोष देत नाही आणि माणसांवर रुष्ट होत नाही, ही तर आपलीच शिकवण. ती वेळ वेगळी होती, ही वेगळी, असे सांगून मेन्शियसने उत्तर सुरू केले आणि शेवटी आपण का नाराज व्हावे, असा प्रश्न केला. तो नाराज होता की नव्हता, यावर भाष्यकारांचे आजतागायत एकमत झालेले नाही. शिष्याची नजर चुकली, असे मानणाऱ्यांपेक्षा ती बरोबर होती, असे मानणाऱ्यांचा पक्ष अधिक बळकट वाटतो. तीन रात्रींच्या मुक्कामाचा दुसरा अर्थ लावणे कठीण आहे.

या विसंगतीचे मूळ कन्फ्यूशसच्या सद्‌गुणकल्पनेतच आहे. ‘जेन’ (मानवता, सहृदयता) हा एकट्याने आचरण्याचा गुण नव्हे. माणूस पुत्र, बंधू, मित्र, अमात्य म्हणून सज्जन असतो. त्याचे शील या नात्यांचेच बनलेले असते. पित्याचे, भावाचे, राजाचे वर्तन त्याच्या हाती नाही, पण त्यांच्या वर्तनाने त्याच्या कर्तव्याला कोणता आकार यावा ते मात्र ठरते. यावर ग्रीक स्टोइकांसारखा उपाय, म्हणजे नात्यांतून मन काढून घेण्याचा, कन्फ्यूशसपंथीयांना मान्य नाही. सम्राट शुनच्या कथेवरील मेन्शियसचे भाष्य या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. शुनचे आईवडील त्याचा द्वेष करीत व त्याच्या जिवावर उठले होते. तो शेतात जाऊन स्वर्गाकडे पाहून रडत असे. आईबापांनी द्वेष केला तरी पुत्राने कष्टी व्हावे पण रोष धरू नये, असे वचन असता शुनच्या मनात रोष कसा, अशी शंका एका शिष्याने काढली. मेन्शियसने उत्तर दिले त्याचा आशय असा, की ‘मी माझे कर्तव्य केले, त्यांचे प्रेम नसले तर मला काय’ अशी बेफिकिरी सत्पुत्राला शक्यच नाही. राजकन्या, संपत्ती, साम्राज्य, सगळे मिळूनही शुनचे दुःख हटले नाही. म्हणजे येथे अविचल राहणे हाच दोष ठरला असता. आघात होऊ शकतो, हा शीलाचा कमकुवतपणा नसून त्याचे लक्षण आहे, इतपर्यंत हा विचार जातो.

नाती परस्परांविरुद्ध उभी ठाकली म्हणजे भेद्यतेचे अधिक तीव्र रूप प्रकट होते. बापाने मेंढी चोरली असता मुलाने साक्ष दिली, अशा एका ‘सरळ’ माणसाची प्रौढी एका अधिपतीने कन्फ्यूशसपुढे मिरविली. आमच्याकडे बाप मुलाला व मुलगा बापाला झाकतो आणि सरळपणा त्यातच असतो, असे कन्फ्यूशसने सांगितले. या वचनाचा परिणाम पुढे कायद्यावरही झाला. इ. स. पू. ६६ मध्ये हान सम्राट श्वान याने आईबापांना लपविणारी मुले, पतीला लपविणारी पत्नी व आजीआजोबांना लपविणारी नातवंडे यांना शिक्षेतून सूट दिली. चीनमध्ये २००२ पासून ल्यू छिंग-फिंग व इतर विद्वानांत या वचनावर मोठा वाद झाला. आप्तनिष्ठा ही भ्रष्टाचाराची जननी आहे, असा एका पक्षाचा आरोप होता. २०१२ मध्ये सुधारलेल्या चिनी फौजदारी प्रक्रिया कायद्याने पती-पत्नी, आईबाप व मुले यांना साक्षीसाठी न्यायालयात सक्तीने हजर करू नये, अशी तरतूद केली.

मेंढीची चोरी क्षुल्लक, खुनाचे काय? शुन सम्राट असताना त्याच्या पित्याने खून केला तर, असा कल्पित प्रश्न मेन्शियसला विचारण्यात आला. न्यायाधिकारी त्याला पकडील व शुन त्याला अडवू शकणार नाही; मात्र जुनी वहाण टाकावी तसे साम्राज्य टाकून, पित्याला पाठीवर घेऊन तो समुद्रकाठी पळून जाईल आणि तेथे आनंदात राहील, असे उत्तर त्याने दिले. शुनचे शील वाचते, पण सम्राट म्हणून प्रजेशी असलेले नाते सुटते. त्या प्रजेचे काय, हे मेन्शियस सांगत नाही.

हान काळातील ‘हान-शी वाय-चुआन’ या ग्रंथातील (इ. स. पू. दुसरे शतक) दोन कथांत असा आनंदी समुद्रकाठ नाही. छू राज्याचा शृ शे हा सचोटीचा अधिकारी रस्त्यावर झालेल्या खुनाच्या आरोपीचा पाठलाग करतो, तर तो त्याचा पिताच निघतो. पित्याला सोडून देऊन तो राजापुढे हजर होतो. पाठलाग केला पण आरोपी सापडला नाही, असे समजून राजा त्याला क्षमा करू पाहतो. क्षमा करणे ही राजाची कृपा, पण दंड भोगणे हे अमात्याचे कर्तव्य, असे म्हणून तो प्राणत्याग करतो. दुसरी कथा शन मिंगची. इ. स. पू. ४७९ च्या बंडात बंडखोरांनी त्याच्या पित्याला ओलीस धरले. त्याने राजनिष्ठा निवडली, बंड मोडले, पिता मारला गेला. राजाने दिलेले बक्षीस नाकारून त्यानेही आत्महत्या केली. एकाने पित्याची बाजू घेतली, दुसऱ्याने राजाची, शेवट एकच. ग्रंथकार या दोघांपैकी कोणाचाही निर्णय चुकला असे म्हणत नाही. योग्य निवड करूनही न फिटणारे काही शिल्लक राहते आणि त्याची जबाबदारी आपली नव्हे असे म्हणणे सत्पुरुषाला जमत नाही, हे या कथांचे मर्म होय. मराठीतील ‘धर्मसंकट’ हा शब्द येथे जवळचा आहे. फरक इतकाच, की या चिनी कथांत संकटातून सोडविणारी देवता येत नाही.

ऋषितुल्य पुरुषही यातून सुटत नाहीत. शांग वंशाचा पाडाव झाल्यावर चौच्या ड्यूकने आपला वडील भाऊ क्वान शू यास शांगांच्या प्रदेशावर देखरेखीसाठी नेमले. पुढे तोच बंडात सामील झाला व त्याला देहदंड द्यावा लागला. मेन्शियसपुढे या घटनेवर पेच टाकण्यात आला : भाऊ बंड करील हे माहीत असून नेमले असेल तर ड्यूक निर्दय ठरतो आणि माहीत नसेल तर अज्ञानी. मेन्शियसने चूक मान्य केली, पण धाकट्या भावाने थोरल्यावर विश्वास ठेवावा, यातून झालेली ही चूक स्वाभाविक आहे, असा निर्वाळा दिला. संशयाने ती टळली असती. पण संशय घेणारा धाकटा भाऊ हा चांगला भाऊ नव्हता. थोडक्यात, ड्यूकच्या सद्‌गुणानेच त्याला भ्रातृवधापर्यंत नेले.

विधींच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. प्राचीन काळी थडग्यावर उंचवटा करीत नसत. आपण दाही दिशांना भटकणारे, आईबापांची जागा ओळखू यावी, म्हणून कन्फ्यूशसने चार फूटभर उंचवटा केला. जोराचा पाऊस आला आणि थडगे ढासळले. शिष्यांनी तीनदा सांगितले तरी तो बोलला नाही. मग आसवे ढाळीत म्हणाला, की प्राचीन लोक थडग्यांची डागडुजी करीत नसत. ‘ली-ची’तील ही नोंद चार-दोन ओळींची आहे, पण टीकाकारांना तिने बराच काळ गुंतवून ठेवले. परंपरा पाळली असती तर थडगे ढासळले नसते. पण भटक्या पुत्राला आईबापांची जागा हरवली असती. दोन्हींपैकी काहीही केले तरी उणीव राहिली असती.

याहून वेगळी आणि अधिक व्यापक भेद्यता शीलाच्या घडणीत आहे. छीच्या राजधानीजवळचा बैल-डोंगर एकेकाळी वृक्षांनी भरलेला होता. कुऱ्हाडी आणि गुरे यांनी तो बोडका केला आणि लोक त्याला मुळचाच बोडका समजू लागले, हा मेन्शियसचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. माणसाचा सत्प्रवृत्त स्वभावही असाच रोज तोडला जातो. स्थिर उपजीविका नसताना स्थिर चित्त राखणे काही थोड्या सुशिक्षितांनाच जमते. सामान्य जनांना उपासमारीत लोटून मग गुन्ह्याबद्दल शिक्षा करणे म्हणजे त्यांना जाळ्यात पकडणे होय, असे त्याने राजांना बजावले. माणसाचा स्वभाव मूलतः वाईट मानणारा श्युन-त्झू या एका मुद्द्यावर त्याच्याशी सहमत आहे : तागात वाढलेले वेडेवाकडे रोप सरळ वाढते आणि पांढरी वाळू चिखलात काळी होते, म्हणून गाव व सोबत निवडून घ्यावी. शीलाच्या अभेद्यतेचा पुरस्कार करणारे हे दोघेही ती अभेद्यता मुळात सुस्थितीवर अवलंबून आहे, हे जाणून होते. सत्पुरुषाचा बाणेदारपणा आणि प्रजेच्या पोटाची काळजी हे विषय त्यांच्या लेखनात म्हणूनच शेजारी शेजारी येतात.

अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नसबॉम यांनी १९८६ मध्ये ग्रीक शोकात्मिका व ॲरिस्टॉटल यांच्या आधारे चांगुलपणाच्या नाजूकपणाचा विचार मांडला. त्यानंतर चिनी ग्रंथांच्या अभ्यासातही या प्रश्नाकडे अधिक लक्ष गेले आणि कन्फ्यूशस मत आशावादी आहे, त्यात शोकात्म जाणीव नाही, हे जुने मत मागे पडले.

देह हा आईबापांची ठेव म्हणून जपणे हे पुत्राचे पहिले कर्तव्य, असे ‘श्याव-चिंग’ हा पितृभक्तिविषयक ग्रंथ सांगतो. कन्फ्यूशसचा शिष्य त्संग-त्झू याने मृत्युशय्येवर आपले हातपाय शिष्यांना उघडून दाखविले. ते अभंग राहिल्याचे त्याला समाधान होते. म्हणजे देहाची क्षती ही केवळ देहाची राहत नाही. सू-मा च्येन (सु. १४५–८६ इ. स. पू.) याच्या वाट्याला हेच आले. शत्रूला शरण गेलेल्या ली लिंग या सेनापतीची बाजू दरबारात मांडल्याबद्दल त्याला अंडच्छेदनाची शिक्षा झाली. अशा वेळी मृत्यू पत्करणे प्रतिष्ठेचे मानले जाई. पित्याने सोपविलेले इतिहासलेखन अपुरे राहू नये म्हणून तो कलंकासह जगला व त्याने ‘शी-ची’ची १३० प्रकरणे पूर्ण केली. आपण आईबापांच्या कबरीपाशी कोणत्या तोंडाने जावे, असे त्याने एका मित्रास लिहिलेल्या पत्रात विचारले आहे. श्युन-त्झूच्या वर्गीकरणात हा निव्वळ परिस्थितिजन्य अवमान ठरेल; ज्याला तो सोसावा लागला, त्याला ती विभागणी पुरली नाही.

या ग्रंथातील सत्तर चरित्रांपैकी पहिले त्याने पो यी व शू छी या बंधूंना दिले. चौ राजाचे धान्य खाणे अनुचित मानून हे दोघे डोंगरात रानभाजीवर राहिले आणि उपासमारीने मेले. त्यांनी मानवता मागितली, ती मिळाली, मग खंत कसली, हा कन्फ्यूशसचा अभिप्राय. सू-मा च्येन तो उद्‌धृत करतो, मग त्या बंधूंच्या नावावर चालत आलेले गीत देतो आणि त्यात रोष आहे की नाही, असे वाचकांना विचारतो. येन ह्वे तरुणपणी मेला, दरोडेखोर चृ मात्र दीर्घायुषी झाला, हेही तो जोडतो. स्वर्गाची रीत न्याय्य आहे की नाही, हा त्याचा प्रश्न त्या चरित्रात अनुत्तरित आहे.